यान पोहोचेपर्यंत

अंतराळ क्षेत्रात जायचं तर कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. त्याचं उत्तर आज सुरुवातीलाच देऊन टाकतो. यंत्र, विद्युत, संगणक, धातुशास्त्र, भौतिकी, गणित, यांतलं काहीही चालतं. डॉक्टर लागतात, शिवणकाम करणारेही लागतात. अपोलोच्या चांद्रवीरांचे सूट ज्या कंपनीनं तयार केले, ती बायकांची अंतर्वस्त्रं बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. तिथल्याच कारागीर बायकांनी ते अनेक थरांचे सूट मशीनवर शिवले. एका माणसाचा श्वास आपल्या टाक्यावर अवलंबून आहे, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा शाखेची फार काळजी करू नका. मला बोलायचंय ते वेळेबद्दल, कारण या क्षेत्रात शिरणाऱ्याला त्याची कल्पना सहसा कुणी देत नाही.

युरोपच्या ‘रोझेटा’ मोहिमेला १९९३ साली मंजुरी मिळाली. यान २००४ मध्ये सुटलं आणि धूमकेतूपाशी पोहोचलं २०१४ मध्ये. ज्यानं तिशीत या कामाला हात घातला, त्यानं पन्नाशी ओलांडल्यावर त्याचं फळ पाहिलं. एड स्टोन १९७२ साली दूरच्या ग्रहांकडे दोन यानं पाठवणाऱ्या नासाच्या व्हॉयेजर मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ झाले, तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. ते पद त्यांनी २०२२ मध्ये सोडलं. सलग पन्नास वर्षं एकच मोहीम! त्यांच्या जागी आलेल्या लिंडा स्पिल्कर १९७७ साली, म्हणजे दोन्ही व्हॉयेजर यानं सुटली त्याच वर्षी, नोकरीला लागल्या होत्या. मधली कितीतरी वर्षं त्यांनी शनीच्या कॅसिनी मोहिमेला दिली आणि मग पुन्हा पहिल्या यानाकडे परतल्या.

एवढा काळ माणूस नेमकं करतो काय? बहुतेक वेळ तो तपासत असतो. जोडलेलं पुन्हा सोडवून पाहतो, थंडीत ठेवून पाहतो, हलवून पाहतो, आणि समोरच्याला ‘हे खरंच तपासलंय का?’ असं विचारत राहतो. हा प्रश्न चिकाटीनं विचारणारा माणूस सगळ्यांना आवडतोच असं नाही. बोरिस स्मेड्स यांची गोष्ट म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

कॅसिनी १९९७ मध्ये शनीकडे निघालं, तेव्हा त्याच्या पाठीवर ‘हायगेन्स’ नावाचं छोटं यान होतं. ते शनीच्या टायटन या चंद्रावर उतरणार होतं आणि उतरताना मिळेल ती माहिती कॅसिनीला पाठवणार होतं. स्मेड्स हे युरोपीय अंतराळ संस्थेतले संदेशवहनाचे अभियंते. त्यांचा आग्रह असा, की हायगेन्स प्रत्यक्ष जसा संदेश पाठवील, हुबेहूब तसाच संदेश पृथ्वीवरून पाठवून कॅसिनीचा ग्राहक, म्हणजे संदेश पकडणारा रिसीव्हर, तपासावा. इतकी खटपट करायची गरज नाही, असं बऱ्याच जणांचं मत होतं. स्मेड्सनी चाचणी मान्य करून घेतली आणि २००० साली कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन केंद्रातून ती पार पडली.

माहितीची पार वाट लागलेली दिसली. जवळ येणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर चढलेला ऐकू येतो, तो डॉप्लर परिणाम तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही यानं एकमेकांच्या सापेक्ष सेकंदाला साडेपाच किलोमीटर वेगानं जाणार होती. त्यामुळे संदेशाची वारंवारता बदलणार हे धरूनच ग्राहक बनवला होता. पण त्याच वेगामुळे संदेशातल्या एकेका बिटमधलं अंतरही बदलतं, आणि त्याची सोय ग्राहकात नव्हती. सूर सांभाळला होता, ताल सुटला होता. आता यंत्र तर कोट्यवधी किलोमीटर दूर, हात कुठे लावणार? मग मार्गच बदलला. टायटनच्या अगदी जवळून जाण्याऐवजी कॅसिनीला सुमारे ६०,००० किलोमीटर अंतरावरून नेलं, म्हणजे सापेक्ष वेगाचा परिणाम कमी होईल. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स टायटनवर उतरलं आणि बोललं.

त्याच दिवशी एक चटका लावणारी घटनाही घडली. संदेशाच्या दोन वाहिन्यांपैकी एका वाहिनीचा ग्राहक चालू करायची आज्ञाच आज्ञावलीत राहून गेली होती. डेव्हिड ॲटकिन्सन या संशोधकाचा टायटनवरचा वारा मोजण्याचा प्रयोग नेमका त्या वाहिनीवर होता. अठरा वर्षांची मेहनत! सुदैवानं हायगेन्सची तीच क्षीण लहर पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी थेट टिपली होती, आणि तीवरून वाऱ्याचा वेग काढता आला. पण ते समजेपर्यंतचे तास त्या माणसानं कसे काढले असतील, याचा विचार मी अनेकदा करतो. या क्षेत्रात येणाऱ्यानं तो एकदा तरी करावा.

आता शेवटची गोष्ट, नोंदींची. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ निरर्थक आकडे पाठवू लागलं. त्याच्या संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. ज्यांनी तो संगणक घडवला, त्यांतले बरेच जण निवृत्त झालेले, कित्येक हयात नव्हते. तेव्हा अनेक दशकांपूर्वीची कागदपत्रं उघडून आजच्या अभियंत्यांनी तो संगणक नव्याने समजून घेतला. म्हणून सांगतो, तुम्ही आज लिहिलेली टिपणं वाचणारा माणूस कदाचित अजून जन्मलाही नसेल. त्याला समजेल असं लिहा. बिघडलेल्या जागेतली आज्ञावली दुसरीकडे हलवायची होती, पण ती सगळी मावेल एवढी सलग जागाच उरली नव्हती. तिचे तुकडे करून जिथे जागा सापडली तिथे ते बसवायचे, आणि तरी सगळी आज्ञावली एक म्हणून चालली पाहिजे, असं ते काम होतं.

१८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा पाठवला. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. २० तारखेला एका खोलीत सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते, आणि पाच महिन्यांनी यानानं आपली खुशाली समजेल अशा भाषेत कळवली.

एड स्टोन तेव्हा हयात होते. ९ जूनला ते गेले.