सणाचं तिकीट पाकिटासकट ठेवा!

(टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकण बंद.)

नमस्कार मंडळी. या डब्यात अमेरिकेतली ख्रिसमसची टपाल तिकिटं आहेत. सगळी 1980च्या आसपासची. आणि सगळ्यांची वाट मी स्वतः लावलेली आहे.

झालं असं की माझी मावशी न्यू जर्सीत राहायची. दर डिसेंबरात तिचं ग्रीटिंग यायचं आणि आजी ते पाकिटासकट या डब्यात ठेवायची. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी कात्री घेतली, पाकिटांचे कोपरे कापले, तिकिटं बादलीत भिजवून सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली. उरलेली पाकिटं गेली आंघोळीच्या बंबात. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं!

(झाकण उघडून एक तिकीट चिमट्याने उचलते.)

हे बघा. चित्र सुंदर आहे. पण ते कुठल्या गावातून निघालं, कोणत्या तारखेला, सोबत आणखी किती तिकिटं लावावी लागली, कोणाच्या नावाने आलं? सगळं बंबात. म्हणून आज सणांच्या तिकिटांबद्दल बोलायचंय, आणि त्याहून जास्त पाकिटांबद्दल.

फर्स्ट डे कव्हर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आपलं टपाल खातं त्याला ‘प्रथम दिवस आवरण’ म्हणतं, पण फिलाटेली ब्युरोच्या, म्हणजे पोस्टातल्या संग्राहकांसाठीच्या खिडकीवर ‘एफडीसी द्या’ एवढं पुरतं. तिकीट ज्या दिवशी निघालं त्या दिवसाचा शिक्का त्याच तिकिटावर, असं पाकीट. डाव्या बाजूला बहुतेक वेळा विषयाला धरून एक चित्र असतं, त्याला कॅशे म्हणतात. आपल्याकडे मुंबई जीपीओसारख्या ठिकाणच्या फिलाटेली ब्युरोत छापील पाकीट आणि माहितीपत्रक मिळतं. तिकीट आपण लावायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्यात त्या त्या शहराचं नाव असतं, त्यामुळे एकाच तिकिटाची मुंबईची आणि नागपूरची एफडीसी वेगळी.

अमेरिकेत प्रत्येक तिकिटाचं मुख्य प्रकाशन एका गावाला होतं आणि शिक्क्यात त्या गावाचं नाव येतं. तुम्ही तिथे नसाल तर तिकीट आपल्या पोस्टातून घ्यायचं, स्वतःचा पत्ता लिहिलेल्या पाकिटावर चिकटवायचं आणि ते दुसऱ्या पाकिटात घालून ठरलेल्या पत्त्यावर पाठवायचं. शिक्का बसून परत येतं. त्यासाठी काही आठवड्यांची मुदत असते. म्हणजे ‘पहिल्या दिवसाचा शिक्का’ पहिल्याच दिवशी मारलेला असतो असं मुळीच नाही! नवे संग्राहक हे ऐकून जरा हिरमुसतात. मीही हिरमुसले होते.

आता सणाकडे. ख्रिसमसचं पहिलं तिकीट कोणतं, यावर संग्राहकांना तासभर भांडता येतं. बरेच जण कॅनडाचं 1898चं दोन सेंटांचं तिकीट पुढे करतात. त्यावर जगाचा नकाशा आहे, ब्रिटिश साम्राज्य तांबड्या रंगात, आणि खाली ‘ख्रिसमस 1898’. त्या तांबड्यात आपणही आहोत बरं का. पण ते काही सणासाठी काढलं नव्हतं. त्या ख्रिसमसपासून साम्राज्यातल्या टपालाचे दर कमी होणार होते, त्याची ती जाहिरात. एक दंतकथा सांगतात, खरी-खोटी राणीच जाणे: तिकीट राजपुत्राच्या सन्मानार्थ काढायचं म्हटल्यावर राणी व्हिक्टोरियाने करड्या आवाजात विचारलं, “कुठला राजपुत्र?” अधिकाऱ्याला कळलं की राणीला मुलाचं कौतुक रुचलेलं नाही. तो पटकन म्हणाला, “शांतीचा राजपुत्र, बाईसाहेब.” म्हणजे येशू. सरकारी नोकरीत हजरजबाबीपणा लागतो तो असा.

अमेरिकेचं पहिलं ख्रिसमस तिकीट मात्र बरंच उशिरा आलं. 1 नोव्हेंबर 1962, पिट्सबर्ग. चार सेंट. दाराला लावतात तसं हिरवं पानांचं कडं, शेजारी दोन मेणबत्त्या. सुरुवातीला 35 कोटी छापली आणि पुरली नाहीत. छापखाना रात्रंदिवस चालवून आकडा शंभर कोटींवर नेला. म्हणूनच तुम्हाला कोणी हे तिकीट ‘दुर्मीळ’ म्हणून विकत असेल तर हात जोडा आणि पुढे चला. सणाच्या तिकिटांत हे कायम लक्षात ठेवायचं. ती वापरण्यासाठीच छापलेली असतात, भरमसाट. त्यातून श्रीमंत व्हायचं असेल तर हा व्हिडिओ इथेच बंद करा.

ब्रिटनने 1966मध्ये मुलांची स्पर्धा घेतली. तीन पेन्सचं तिकीट काढलं सहा वर्षांच्या तस्वीर शेम्झाने: मुकुट घातलेला, दाढीवाला, रंगीबेरंगी राजा. तिचे वडील चित्रकार अन्वर जलाल शेम्झा, जन्म सिमल्याचा. राणीच्या देशाच्या पहिल्या ख्रिसमस तिकिटांपैकी एक सिमल्यात जन्मलेल्या माणसाच्या लेकीच्या हातचं, हे मला फार आवडतं. आणि वेल्समध्ये बेथलेहेम नावाचं एक खेडं आहे. ख्रिसमसच्या एफडीसीवर त्या गावाचा शिक्का मिळवायला लोक धडपडतात.

(दुसरं तिकीट, पारदर्शक पाउचमध्ये. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ.)

आता माझं सगळ्यात लाडकं, आणि सगळ्यात रोगट. 1974. दहा सेंट, वाऱ्याची दिशा दाखवणारं कबुतर. अमेरिकेचं हे पहिलं स्वतःच चिकटणारं तिकीट. थुंकी लावायची नाही, ओला स्पंज नको. ख्रिसमसच्या गर्दीत लोकांचा आणि पोस्टाचा वेळ वाचावा म्हणून हा प्रयोग. त्यावर शिक्का मारायचीही गरज नव्हती, ते आधीच रद्द केल्याचं छापलेलं. मग कोणी उचकटून परत वापरलं तर? त्यासाठी मध्ये बारीक चिरा दिल्या, सोडवायला गेलं की फाटावं म्हणून.

हुशारी भरपूर होती, पण गोंदाने घात केला. तो हळूहळू कागदातून वर झिरपायला लागला. दिसतंय? हे तपकिरी डाग. कडेने सुरू होतात आणि आत सरकतात. वापरलेलं असो, नवंकोरं असो, अल्बममध्ये असो की पाकिटावर, सुटका नाही. पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी हे घेतलं तेव्हा विक्रेत्याला म्हटलं, जरा स्वच्छ दाखवा. तो म्हणाला, “ताई, स्वच्छ मिळालं तर मलाही सांगा.”

चिकटपट्टी ही या छंदाची जुनी वैरीण आहे. सेलोटेपने अल्बममध्ये काहीही चिकटवू नका, तीही अशीच पिवळी पडून आत मुरते. पाउच घेताना पीव्हीसी प्लास्टिकचे टाळा. आणि आपल्याकडचा पावसाळा! मागे गोंद असलेली कोरी तिकिटं एकमेकांना अशी धरतात की सोडवताना रडू येतं. जुलै-ऑगस्टमध्ये अल्बम उभा ठेवा, वर वजन नको.

पाण्यात भिजवायचा मोह होईल. जुन्या तिकिटांना चालतं. पण अमेरिकेची अलीकडची बरीचशी तिकिटं पाण्यात सुटतच नाहीत, गोंद तसाच चिकट राहतो. आणि ख्रिसमसची पाकिटं बऱ्याचदा लाल किंवा हिरवी असतात. एक लाल पाकीट बादलीत पडलं की सगळी तिकिटं होळी खेळल्यासारखी. तेव्हा शक्यतो पाकीट अख्खं ठेवा. नाहीच जमलं तर भोवती बोटभर कागद सोडून कापा.

दिवाळी तर सांगायलाच हवी. 5 ऑक्टोबर 2016, न्यूयॉर्क, भारताच्या वाणिज्य दूतावासात प्रकाशन. सोनेरी पार्श्वभूमीवर एक पणती, भोवती फुलांच्या पाकळ्या. अमेरिकेतली भारतीय मंडळी त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करत होती. ख्रिसमसखेरीज ज्यूंचा हनुक्का, आफ्रिकी-अमेरिकनांचा क्वान्झा आणि ईद यांची तिकिटं तिथे 1996 ते 2001च्या दरम्यान निघाली होती, दिवाळी मागे राहिली होती. चित्राबद्दल माझं मत विचाराल तर जरा जास्तच नीटनेटकं आहे. पणतीखाली तेलाचा एक थेंबही सांडलेला नाही! त्याचं एफडीसी मात्र घ्याच.

त्याआधी 5 नोव्हेंबर 2012ला भारत आणि इस्रायलने मिळून दिवाळी आणि हनुक्काची तिकिटं काढली. हनुक्का म्हणजे आठ रात्री दिवे लावायचा ज्यूंचा सण. आणि हे मला मुद्दाम सांगायचंय: आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंचा परंपरागत धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. घरात मराठी बोलणारे हे लोक पुढे मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. पणत्या आणि हनुक्काचे दिवे दोन्ही ओळखीचे असलेली माणसं जगात कोण असतील, तर ही. तुमच्या ओळखीत अशा घरातलं जुनं पत्र असेल तर कृपा करून कोपरा कापू नका.

(डब्याच्या तळातून एक पिवळसर पाकीट काढते.)

आणि हे एकच बंबातून वाचलं. 1982. वीस-वीस सेंटांची दोन तिकिटं, मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी, आणि बाळ. दोनच का? तेव्हा तिकडून इकडे अर्ध्या औंसाच्या विमानपत्राला 40 सेंट पडायचे, त्याचा हा चोख हिशेब. मावशी पोस्टात जाऊन मॅडोनाचीच मागायची. म्हणायची, बाकीच्यांवर खेळणी आणि बर्फ असतो, हा निदान देव आहे.

हे वाचलं कारण आजीने माझ्या हातातून ओढून घेतलं होतं. तिकिटासाठी नाही.

(पाकीट उलटं करते.)

मागे पेन्सिलीने लिहिलंय. जाणकार म्हणतील, पाकीट खराब झालं, किंमत शून्य. वाचते हं. “तांदूळ चार वाट्या. हरभरा डाळ दोन. उडीद एक. मूग अर्धी. धणे मूठभर. वेगवेगळं भाजणे.”

याचं पाउच मी उलटंच लावलंय. मागची बाजू वर.