घागऱ्या सुकेपर्यंत

[दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं एक घर. पाऊस नुकताच थांबलेला. खिडकीच्या गजाला बांधलेली हिरव्या, फुगीर शेंगांची जुडी.]

या घागऱ्या. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात उगवणाऱ्या एका साध्या झुडपाच्या शेंगा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही त्या माटोळीला बांधतो. आत्ता त्या हिरव्या आहेत, म्हणून गप्प आहेत. सुकल्या की आतलं बी सुटं होतं आणि शेंग वाजायला लागते.

माझं पुस्तक या शेंगांपाशी अडलं आहे.

वीस वर्षं मी कविता लिहितेय. दोन संग्रह आहेत. मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहायला एक पावसाळा पुरेल असं मला वाटलं होतं. हा तिसरा पावसाळा.

[दृश्य: माटोळी. गणपतीच्या डोक्यावर बांधलेली लाकडी चौकट, तिला लटकलेली फळं.]

माटोळी म्हणजे गोव्यातल्या गणपतीचं छत. चौकटीला नारळ, सुपारीचे घड, तोरंजन, चिबूड, आंबाडे बांधतात, आणि त्यांच्याबरोबर रानातलं जे जे मिळेल ते. कांगलां, करमलां, कवंडळ. दोर बाजारातला नसतो. केवणीच्या सालीचा असतो. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत फोंड्याला, म्हापशाला, पणजीला माटोळीचा बाजार भरतो आणि आमच्या सत्तरीतली माणसं रान उतरून तिथे रस्त्याच्या कडेला बसतात.

तीन वर्षांपूर्वीची चवथ. शेजारची मुलगी आमच्या माटोळीखाली उभी राहिली, मान वर करून. तेव्हा ती बालवाडीत होती. म्हणाली, "मावशे, हें कितें गो?"

मी सांगितलं, कवंडळ.

"आनी हें?"

घागऱ्या.

तिला तक्त्यावरचं सफरचंद ओळखता येत होतं. तिच्या स्वतःच्या घरातही त्या दिवशी कवंडळ लटकत होतं, तिच्या आजोनेच, म्हणजे आजोबांनीच, ते रानातून आणलं होतं. पण ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं, त्यामुळे त्याला नाव असेल हेच तिच्या मनात आलं नव्हतं. त्या रात्री मी पहिली ओळ लिहिली.

इथे एक सांगायला हवं. माझ्यासारख्या अनेक घरांत बोलणं कोंकणीत चालतं आणि वाचणं-लिहिणं मराठीत. देवळातलं कीर्तन मराठी, नाटक मराठी, माझी शाळा मराठी. पण रानातल्या वस्तूंना मी लहानपणापासून जी नावं ऐकली ती इथली आहेत. मराठीत लिहायचं म्हणून कांगल्यांना दुसरं नाव मी कुठून आणू?

[दृश्य: वहीची पानं. चाळीस कडवी, सुबक अक्षरात.]

हा पहिला खर्डा. चाळीस कडवी. पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकलेली एक तरुण चित्रकार आहे, तिला मी तो वाचायला दिला. तिने सावकाश वाचला, वही मिटली आणि म्हणाली, "ताई, छान आहे. पण मी काय काढू? सगळं तुम्हीच काढून ठेवलंय."

मला ते लागलं. वीस वर्षं मी हेच तर शिकले होते, की न दिसणारं शब्दांनी दिसायला हवं. माझ्या वहीत कवंडळ वेलीवरचा लहानसा सूर्य होतं. तिने एक कागद ओढला आणि कवंडळ काढलं. नुसतं फळ, काळपट पानांमध्ये, लालभडक. त्या चित्राशेजारी माझी सूर्याची ओळ वाचून पाहिली. त्या ओळीची गरजच उरली नव्हती.

त्या दिवसापासून मी उपमा काढत गेले. प्रत्येक काढताना त्रास झाला, हेही नमूद करते.

[दृश्य: आठ कागद मध्यावर दुमडून, सुईदोऱ्याने टाचलेली डमी.]

ही डमी, पुस्तकाचा हाताने केलेला नमुना. ए-फोर आकाराचे आठ कागद, मध्ये दुमडले की बत्तीस पानं होतात. चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, ती छापखान्यामुळे. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना मिळून सोळा पानं छापतात, मग घडी घालून कापतात. तो एक फर्मा. दोन फर्मे म्हणजे पुस्तक. त्यातून शीर्षकाचं पान, प्रकाशनाची माहिती, अर्पण वजा केलं की हाती चौदा जोडपानं राहतात, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या चौदा जोड्या. चौदाच.

कवितेत ओळ कुठे तोडायची हे मला कळतं. ओळ तुटते तिथे वाचणारा श्वास घेतो. इथे ओळीनंतर पान उलटतं, आणि पान उलटणारा हात लहान मुलाचा असतो. माझ्या गोष्टीत एका उजव्या पानावर आजो वाकून पाचोळा बाजूला करतो. खाली काय आहे? ते पान उलटल्याशिवाय दिसता कामा नये. मी आधी दोन्ही एकाच जोडपानावर ठेवलं होतं. चित्र समोरच असल्यावर प्रश्न कोण विचारील? हे हातात डमी धरेपर्यंत मला समजलं नव्हतं. चित्रपुस्तक लिहिणाऱ्या कुणालाही मी आधी सुईदोरा घ्यायला सांगेन.

[दृश्य: पणजी, पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय.]

अडले की मी इथे येते. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची. आणि भारतातला पहिला छापखाना इथून थोड्याच अंतरावर, जुन्या गोव्यात, १५५६ साली सुरू झाला. मुलांसाठी चित्रं घालून केलेलं एक फार जुनं पाठ्यपुस्तक त्यानंतर शंभर वर्षांनी, १६५८ साली, न्युरेनबर्गला छापलं गेलं. कोमेनिअस नावाच्या शिक्षकाचं. त्यातली अक्षरओळख प्राण्यांच्या आवाजांनी होते आणि पहिला येतो कावळा. कावळ्याचं चित्र, आणि शेजारी त्याचं ओरडणं: आ, आ.

हे वाचलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कावळा काळा आहे हे त्या शिक्षकाने लिहिलं नाही. ते चित्रात होतंच. चित्राला ओरडता येत नाही, तेवढंच त्याने लिहिलं.

घरी येऊन मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. चिबडाचा रंग लिहायचा नाही, वास लिहायचा. पिकला चिबूड घरात आला की तो दाराआडूनही कळतो. कवंडळ कडू आहे हे त्याच्या लालभडक रूपावरून कुणालाच कळणार नाही, ते मी सांगायचं. केवणीची साल ओढताना तळहात कसा हुळहुळतो ते मी सांगायचं. चाळीस कडव्यांचे शेवटी दोनशेच्या आत शब्द राहिले.

[दृश्य: जुन्या देवळाची भिंत. लाल-पांढरं कावी काम.]

चित्रकाराची वाट वेगळी होती. पेडण्याकडच्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रं आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरतात. माती निघते तिथे पांढरी रेघ उमटते. दोनच रंग, दोन्ही इथल्याच जमिनीतले. तिला सगळं पुस्तक असं हवं होतं. मी म्हटलं, मग मूल कवंडळ ओळखणार कसं? दोन आठवडे आम्ही बोललो नाही. मग तीच आली. रान, घर, आजो, मुलगी, सगळं लाल-पांढरं ठेवलं होतं तिने, आणि रंग फक्त फळांना. पहिल्या पानावर एकही रंग नाही. शेवटी माटोळी भरते तेव्हा सगळे असतात. यात माझा एक शब्दही नाही, आणि पुस्तकातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे.

[दृश्य: टेबलावर उघडी डमी, पेन्सिलीच्या खुणा.]

एका प्रकाशकांनी खर्डा वाचून सुचवलं, की ही नावं महाराष्ट्रातल्या मुलांना कळणार नाहीत, ओळखीची फळं घ्या, पेरू, डाळिंब. आणि घागऱ्या या शब्दातला 'ऱ्या' पहिलीच्या मुलाला जड जाईल. दुसरं म्हणणं मी गंभीरपणे घेतलं, कारण ते खरं आहे. पण हे पुस्तक पहिल्यांदा आजीच्या किंवा बाबांच्या तोंडून ऐकलं जाणार. मूल ऐकेल आधी, वाचेल नंतर. आणि न कळण्याचं म्हणाल, तर शब्दाच्या शेजारी चित्र आहे. ज्याने वाघ पाहिला नाही असं मूलही वाघ म्हणतंच की. नावं मी बदललेली नाहीत. प्रकाशक अजून मिळालेला नाही.

[दृश्य: शेजारची मुलगी पायरीवर डमी वाचते आहे.]

ती आता दुसरीत आहे. गोष्ट अशी: मुलगी आजोबरोबर माटोळीचं सामान आणायला जाते. प्रत्येक वस्तू काहीतरी देते, कुणी वास, कुणी रंग. घागऱ्या काहीच देत नाहीत. मुलगी त्या हलवून बघते, कानाशी धरते. गप्प. चवथ होते, विसर्जन होतं, माटोळी सोडतात. घागऱ्या तेवढ्या खुंटीवर राहतात. पाऊस जातो. भात पिवळं होतं. आणि शेवटच्या जोडपानावर...

तिथे मला आवाज लिहायचा आहे. खुळखुळ लिहून पाहिलं, ते खेळण्याचं वाटतं. छुमछुम पैंजणाचं. झुळझुळ तर पाण्याने कधीच घेतलेलं. ही शेंग कोरडी वाजते, हलकी, आणि बी आपटल्यावर टरफल किंचित घुमतं. मला तो शब्द ऐकून लिहायचा आहे, आठवून नाही. म्हणून ही जुडी इथे बांधली आहे. रोज सकाळी हलवून बघते.

[दृश्य: दिवाळीनंतर. तीच खिडकी, कोरडं ऊन. शेंगा तपकिरी झालेल्या. टेबलावर डमीचं शेवटचं जोडपान, कोरं, शेजारी पेन्सिल. मुलीचा हात जुडी सोडवतो. निवेदन नाही, संगीत नाही. घागऱ्यांचा आवाज.]