जांभ्याच्या पोटातल्या नद्या

(दृश्य: मे महिना, पहाट. पंचगंगा मंदिरातलं गोमुख.)

महाबळेश्वरचा पावसाळा संपून सात महिने झालेत. तरी या गोमुखातली धार चालूच आहे. भाविक ओंजळ भरून घेतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाचही नद्या इथेच उगम पावतात, असं ते मानतात.

पण पाऊस नसताना हे पाणी येतं कुठून?

(दृश्य: जांभ्याची खाण, दगडातली भोकं जवळून.)

आपल्या पायाखालून. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्याचा अगदी वरचा कातळ ऊन-पावसात झिजत, कुजत जांभा झाला. जांभा भोकाभोकांचा. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस इथे कोसळतो, त्यातला बराच तो पोटात घेतो. खाली चिकणमाती आणि अभंग कातळ लागला की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर वाट मिळेल तिथून झऱ्यानं बाहेर पडतं. नकाशात उगमाचा एक ठिपका असतो, खरा उगम मात्र हे सगळं पठार आहे. म्हणूनच इथला जांभा सपाट करून त्यावर सिमेंट ओतलेलं पाहिलं की जीव तुटतो. तिथे पाणी मुरणार नाही आणि उन्हाळ्यातली धार आटत जाईल.

(दृश्य: पश्चिमेचा कडा, खाली धुक्यात दरी.)

आता या कड्याशी उभे राहा. पश्चिमेला उतरलेलं पाणी सावित्रीचं. पोलादपूरला पोचेपर्यंत ती हजार मीटरहून अधिक खाली येते, महाडवरून जाते आणि बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला उतरलेलं पाणी कृष्णेचं. समुद्र इथून जेमतेम ६५ किलोमीटरवर, पण जमिनीचा ढाळ पूर्वेला! त्यामुळे ती वाई, सांगली करत, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडत सुमारे १,४०० किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते.

कोयनेची गोष्ट वेगळी. ती डोंगररांगांच्या मधून सरळ दक्षिणेला निघते. हेळवाकपाशी वळण घेऊन पूर्वेला जाते. तिथेच धरण बांधलं. अडवलेलं बरंचसं पाणी डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं जातं, वीज करून वाशिष्ठीत येतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. ढाळाने पूर्वेला धाडलेलं पाणी माणसाने पश्चिमेला नेलं.

(दृश्य: कराड, संध्याकाळ. नदीकाठी बसलेली माणसं.)

उरलेली कोयना कराडला येते. उत्तरेकडून कृष्णा आलेली असते. दोघी अगदी समोरासमोर भेटतात आणि मग दोघींचं पाणी एकत्र पूर्वेला वळतं. कराडकर या जागेला प्रीतिसंगम म्हणतात.