पोटावरची माती

(निवेदन : उरुळीकांचन)

[दृश्य : पहाट. घमेल्यात कालवली जाणारी माती. सुरुवातीला फक्त तिचाच आवाज.]

उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात पोटावर ठेवायच्या पट्टीसाठी ही माती काल संध्याकाळीच भिजत घातली होती. रात्रभर मुरली की ती लोण्यासारखी होते. पण भिजण्याआधी तिच्यावर बरीच मेहनत झालेली असते. वावरातली वरची माती चालत नाही, खत पडलेल्या रानातली तर नाहीच. तीन-चार फूट खणायचं, खालची माती काढायची, उन्हात पसरायची, ढेकळं फोडायची, मग चाळायची.

[दृश्य : चाळणी. मातीत फिरणारी बोटं.]

चाळून झाल्यावरही बोटं पुन्हा एकदा मातीतून फिरतात. एखादा खडा राहिला तर तो पोटाला टोचतो. पाण्याचा अंदाज डोळ्यांनीच घ्यायचा. भाकरीच्या पिठाहून जरा सैल, पण ओघळणार नाही इतकंच. मग सुती कापडावर थापायची, कापडाची घडी घालायची, की झाली पट्टी.

[दृश्य : ओळीने झोपलेली माणसं. पोटावर पट्टी, डोळ्यांवर लहान पट्ट्या.]

वीस मिनिटं ते अर्धा तास. ओली माती अंगाची उष्णता ओढून घेते. तिच्यातलं पाणी हळूहळू उडत राहतं आणि तोवर गारवा टिकतो. एवढी साधी गोष्ट आहे ही. तिला पेटंट नाही, तिची बाटली नाही. ज्याच्या दाराशी जमीन आहे, त्याच्या दाराशी हा उपचार आहे.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. पुणे स्टेशनजवळचा बंगला.]

पुणे स्टेशनजवळ डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे येऊन राहत. गरिबांसाठी हीच संस्था वाढवावी, असं त्यांच्या मनात होतं. मग 1946 च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःच लिहून टाकलं की गरिबांची संस्था शहरात काढायला निघालो, हा माझा मूर्खपणा झाला. आजारी गरीब शहरात येणार नाही, आपणच त्याच्याकडे गेलं पाहिजे.

आणि ते निघाले. पुणे–दौंड रेल्वेवरचं उरुळी स्टेशन पुण्याहून तीसेक किलोमीटरवर आहे. 22 मार्चला ते इथे पोहोचले आणि आठवडाभर राहिले. त्याच दिवसांत दिल्लीत ब्रिटिश मंत्र्यांचं कॅबिनेट मिशन येऊन दाखल झालं होतं, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी सुरू व्हायच्या होत्या. आणि हा म्हातारा इथे उरुळीत बसून कुणाला ऊन घ्यायला सांगत होता, कुणाला कटिस्नान, कुणाला ताक, कुणाला भरपूर पाणी. सगळ्यांना रामनाम.

[दृश्य : कटिस्नानाचा टब. पाणी ओतलं जातंय.]

कटिस्नानाचा टब पाठीकडे उंच असतो. रेलून बसायचं. पाणी बेंबीपर्यंत, पाय मात्र बाहेर आणि कोरडे. खरबरीत फडक्याने ओटीपोट हलक्या हाताने चोळत राहायचं. ही पद्धत जर्मनीतल्या लाइप्झिगच्या लुई कुने यांची. मातीची पट्टी अडॉल्फ जुस्ट यांच्या पुस्तकातली. दोन्ही गोष्टी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचल्या आणि आधी स्वतःच्या अंगावर करून पाहिल्या. पुढे 1942 मध्ये आगाखान महालात कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर गुजरातीत छोटं पुस्तक लिहिलं, त्यात पट्टीचं मापसुद्धा दिलंय : सहा इंच लांब, तीन इंच रुंद, अर्धा इंच जाड. मातीच्या स्वच्छतेबद्दल शंका असेल तर ती आधी चांगली तापवून घ्या, असंही सांगितलंय. गांधीलमाशीच्या दंशावर माती उपयोगी पडली, विंचवाच्या दंशावर मात्र फारशी नाही, हे ते सरळ लिहितात. मला या प्रामाणिकपणाचं मोल फार वाटतं.

[दृश्य : गोठा. धार काढणारे हात.]

गांधीजी दिल्लीला गेले, पण त्यांच्याबरोबर आलेला सुरतकडचा एक तरुण इथेच राहिला, जन्मभर. मणिभाई देसाई. गांधीजींनी इथे सुरू केलेल्या आश्रमाचा डोलारा त्यांनी आणि विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे यांनी सांभाळला. बाळकोबांनी क्षयरोग स्वतः भोगला होता. मणिभाईंना लवकरच कळलं की ज्याच्या पोटात अन्नच नाही, त्याच्या पोटावर माती ठेवून काय होणार? म्हणून आश्रमाच्या शेजारी गाई आल्या, शेती आली, शाळा आली. 1967 मध्ये त्यातूनच पशुपालन आणि ग्रामविकासाचं काम करणारी ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली आणि सुधारित गाई देशभरातल्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांत पोहोचल्या. 1982 साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाईचा गोठा हा उपचाराचाच भाग आहे, असं मला ही धार बघताना वाटत राहिलं.

[दृश्य : स्वयंपाकघर. वाफ. ताटात उकडलेली भाजी, काकडी, ताक.]

जेवणात तेल-तिखट नाही, मीठ नावापुरतं. पहिल्या दिवशी घास फिरतो तोंडात. तिसऱ्या दिवशी दुधी भोपळ्याला स्वतःची चव असते, हे कळतं.

[दृश्य : ससून रुग्णालयाची जुनी इमारत.]

आणि हे सांगायलाच हवं. 1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं अपेंडिक्स बिघडलं, तेव्हा ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि गांधीजींनी ती करू दिली. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. कर्करोग, हृदयविकार हे मातीचं काम नाही.

[दृश्य : ओटा. एक आजी, समोर घमेलं.]

या आजी सोलापूरकडच्या. झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, म्हणून आल्या. आठवडाभर दुसऱ्यांनी थापलेली पट्टी घेतली. आज शेवटचा दिवस, घरी जाऊन स्वतःच करायची आहे, म्हणून घमेलं त्यांच्यापुढे ठेवलंय. थापायचं कसं हे दाखवायला मदतनीस मावशी बसल्या होत्या खऱ्या, पण साठ वर्षं भाकरी थापलेल्या हाताला काय दाखवणार? पाणी त्यांनीच बेतलं. एका कडेला पट्टी जाड राहिली, ती त्यांच्याच लक्षात आली.

मोडून पुन्हा थापायला घेतली.

[इथून पुढे निवेदन नाही. हात दिसत राहतात.]