कंबरेला ताण: किती, कसा, कुणाला

श्रोतेहो, नमस्कार.

कंबरदुखीवर 'स्पायनल डीकम्प्रेशन' घ्या असं कुणी सुचवलं, तर नावानं दडपून जाऊ नका. हे ट्रॅक्शनच आहे, म्हणजे कणा ताणणं. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बाकावर रुग्णाला बांधून माणसं ओढायची. आता मोटर ओढते आणि यंत्र किलोत ताण दाखवतं.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून तंतूंचं कडं असतं, आत गर. कडं मागून कमजोर झालं की गर तिकडे सरकतो, शेजारची नस दबते आणि कळ नितंबातून पायात उतरते. ताण दिला की मणके जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर दूर होतात आणि नसेवरचा दाब तेवढ्यापुरता हलका होतो. 'गादी आत बसवून देतो' असं कुणी छातीठोक सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. उठून उभं राहिलं की शरीराचा भार पुन्हा गादीवर येतोच.

आता आकड्यांकडे येऊ. ७० किलोच्या माणसाचं कंबरेखालचं वजन धरा ३५ किलो. साध्या पलंगावर हा भाग सरकवायलाच १७-१८ किलो ओढ लागते, ती अंथरुणाच्या घर्षणात जिरते. पायथ्याशी कप्पी लावून पाच-सात किलोचं वजन टांगलं तर कणा ताणला जात नाही. रुग्ण निमूट पडून राहतो, त्या विश्रांतीनंच काय ते बरं वाटतं. म्हणून ट्रॅक्शनचं टेबल दोन तुकड्यांचं असतं. खालचा तुकडा चाकांवर सरकतो आणि ओढ कण्यापर्यंत पोचते.

सगळी करामत पट्टे बांधण्यात आहे. खालच्या पट्ट्याची वरची कड कंबरेच्या हाडाच्या जरा वर हवी, वरचा पट्टा खालच्या बरगड्यांवर. आत गुळगुळीत, जाड कपडे नकोत. पट्टा घसरला की ताण कातडीला बसतो, कण्याला नाही. वरचा पट्टा श्वास सोडून आवळावा. उताणं झोपवलं असेल तर गुडघे वाकवून पोटऱ्या स्टुलावर ठेवतात, म्हणजे कंबरेची कमान सपाट होते. मग दोरीतली ढील काढायची आणि त्यानंतरच टेबलाचा खटका सोडायचा. क्रम उलटा झाला तर पहिल्याच ओढीला हिसका बसतो, पाठीचे स्नायू आखडतात आणि ते सत्र वाया जातं.

पहिल्या दिवशी वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त ताण नको. सोसेल तसे दोन-तीन किलो वाढवावेत; निम्म्या वजनापलीकडे सहसा जात नाहीत. मिनिटभर ओढ, वीस-तीस सेकंद ढील, असं १५ मिनिटं चालतं. गादीचं दुखणं ताजं असेल तर दहा मिनिटं पुरे. जास्त वेळ ताणलेली गादी भोवतालचं पाणी शोषून घेते आणि ताण सुटताच कळ उसळते, असं त्याचं कारण मानलं जातं. ताण टप्प्याटप्प्यानं उतरवा, पाच मिनिटं तसंच पडून राहा, मग कुशीवर वळून पाय खाली सोडा. ताडकन उठून बसलात तर मिळालेला आराम तिथंच संपला. आणि बंद करायचं बटण शेवटपर्यंत तुमच्या हातात हवं. कुणी ते दिलं नाही तर मागून घ्या.

फायदा होतोय का, हे कसं ओळखायचं? पोटरीतली कळ मांडीपर्यंत, मग कंबरेपर्यंत मागे सरकली तर ते चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरीही. कळ खाली पावलाकडे निघाली तर थांबा. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढच्या पंधरांचे पैसे आगाऊ भरू नका. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात ट्रॅक्शननं कंबरदुखीत फारसा फरक पडत नाही, असंच दिसलं. म्हणून आमच्या मते हा उपचार व्यायामाची वाट मोकळी करण्यापुरता घ्यावा: कळ थोडी उतरली की चालणं आणि फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम त्याच दिवशी सुरू.

गरोदरपण, ठिसूळ हाडं, मणक्याचा फ्रॅक्चर, कर्करोग, मणक्याचा क्षयरोग किंवा दुसरा जंतुसंसर्ग, पोटातल्या महाधमनीला आलेला फुगा, नुकतंच झालेलं मणक्याचं ऑपरेशन: यांपैकी काही असेल तर टेबलावर चढूच नका. हर्निया किंवा सरकलेला मणका असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आणि लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागेची संवेदना हरपली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर पुढच्या बैठकीची वेळ येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. अशा वेळी तातडीचं ऑपरेशन लागू शकतं.

नमस्कार.