‘छोटासा बंप झाला’ असे म्हणण्यापूर्वी

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी आणि जमलेल्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत मराठी मुलखातून ब्रिटनमध्ये नव्याने आलेली कुटुंबे आज येथे मोठ्या संख्येने बसली आहेत, आणि माझे आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. येथील शाळेत, रस्त्यावर आणि विमानतळावर ‘बंप’ हा शब्द सतत कानांवर पडतो. शब्दकोशात त्याचे धक्का, टेंगूळ, उंचवटा असे अर्थ मिळतात आणि ते बरोबरच आहेत. परंतु रोजच्या वापरात हा शब्द टक्कर झाल्याची बातमी देतानाच ‘फारसे काही बिघडले नाही’ असा निकालही परस्पर देऊन टाकतो. हा निकाल देणाऱ्याने जागेवर वाकून नीट पाहिलेले असतेच असे नाही.

शब्द जुना आहे. सोळाव्या शतकापासून तो इंग्रजीत लिहिलेला सापडतो आणि आपल्या ‘धप्’ किंवा ‘धाडकन’ यांच्याप्रमाणे तो आवाजावरूनच घडलेला दिसतो. त्यात आपटण्याचा आवाजही आहे आणि आपटल्यावर येणारे टेंगूळही. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकातली दाई, लहानपणी पडलेल्या ज्युलिएटच्या कपाळावर आलेल्या ‘बंप’चे वर्णन करते, तो कोंबड्याच्या नेमक्या कोणत्या अवयवाएवढा होता, हे मुले पुढच्याच रांगेत बसलेली असल्यामुळे मी येथे सांगत नाही.

येथील पाळणाघरांतून आणि प्राथमिक शाळांतून मूल डोक्यावर आपटले की घरी एक चिठ्ठी येते, आणि तिला सर्रास ‘बंप नोट’ म्हणतात. चिठ्ठीच्या वरच्या भागात वेळ, जागा, डोक्याचा कोणता भाग लागला आणि गार पट्टी ठेवली की नाही, एवढे लिहिलेले असते. काही शाळा मुलाच्या सदऱ्यावर रंगीत स्टिकरही लावतात. आजी-आजोबा नुकतेच भारतातून आलेले असतील तर ही चिठ्ठी पाहून त्यांचा जीव खालीवर होतो, तर येथे रुळलेले आईवडील ‘बंपच आहे’ म्हणून ती दप्तरातच राहू देतात. माझ्या मते दोघांनीही चिठ्ठीचा खालचा भाग वाचावा, कारण तेथे शब्द एकदम बदलतात. वारंवार उलट्या होणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी येणे, न थांबणारी डोकेदुखी, नीट बोलता किंवा चालता न येणे अशी लक्षणे तेथे दिलेली असतात आणि ती दिसल्यास मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे असे सांगितलेले असते. शंका असेल तर १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकावर विचारता येते, आणि मूल शुद्धीवर येत नसेल किंवा त्याला आकडीचा झटका आला असेल तर थेट ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक लावायचा असतो. त्या फोनवर बोलताना ‘बंप’ या शब्दावर भागवू नये. मूल किती उंचीवरून पडले, कशावर आपटले, क्षणभर तरी बेशुद्ध झाले का आणि तेव्हापासून किती वेळ गेला, हे सांगावे. पलीकडच्या माणसाला तेच हवे असते.

रस्त्यावर तर हा शब्द अधिकच घोटाळ्याचा ठरतो. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडी मागे घेताना दुसऱ्या गाडीला हलकासा धक्का लागतो, दोघे उतरतात, दोघेही एकदमच ‘सॉरी’ म्हणतात, ‘जस्ट अ बंप’ म्हणून हसतात आणि निघून जातात. आपल्या बोलण्यात ‘धक्का लागला’ असे म्हटले की धक्का देणारा कोणी उरतच नाही, त्यामुळे आपल्याला ही सोय ओळखीची वाटते. कायद्याला ती मान्य नाही. रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ च्या १७० व्या कलमानुसार, दुसऱ्याच्या वाहनाचे नुकसान झाले असेल तर चालकाने थांबलेच पाहिजे, आणि विचारण्यास रास्त कारण असलेल्या व्यक्तीने मागितल्यास आपले नाव, पत्ता व गाडीचा क्रमांक दिला पाहिजे. तसे झाले नाही तर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवले पाहिजे. हा नियम लोकांसाठी खुल्या असलेल्या कार पार्कलाही लागू आहे. उभ्या गाडीला घासून, तिचा मालक जागेवर नाही म्हणून निघून जाणे हा येथे गुन्हा आहे, मग ओरखडा कितीही बारीक असो.

आजच्या गाड्यांचे बाहेरून दिसणारे बंपर म्हणजे प्लॅस्टिकचे आवरण असते. ते धक्क्याने आत दबून पुन्हा बाहेर येते, वरून फक्त रंगाचा एखादा पट्टा उठलेला दिसतो, आणि आतली पट्टी वाकली आहे किंवा पार्किंगचा सेन्सर जागेवरून सरकला आहे हे गॅरेजमध्ये आवरण काढल्यावरच कळते. मानेचेही तसेच आहे. हिसक्याने आलेले दुखणे कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवू लागते. म्हणून चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, नावे आणि क्रमांक घ्यावेत आणि भरपाई मागायची नसली तरी विमा कंपनीला कळवावे, कारण बहुतेक पॉलिसींमध्ये तशी अटच असते. ‘सॉरी’ म्हटल्याने आपण अडकलो, अशी भीती पुष्कळांना वाटते. परंतु इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या कॉम्पेन्सेशन ॲक्ट २००६ मध्ये, केवळ माफी मागणे म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा ‘सॉरी’ जरूर म्हणावे, पण ‘चूक माझीच’ हे वाक्य विमा कंपनीशी बोलण्याआधी उच्चारू नये.

धक्का बसणे हेच ज्याचे उद्दिष्ट आहे असा एक खेळही या देशात आहे, आणि केंब्रिजजवळ राहणाऱ्यांनी तो पाहिलाही असेल. कॅम नदी इतकी अरुंद आहे की नावा शेजारी शेजारी ठेवून शर्यत लावता येत नाही. म्हणून त्या एकामागे एक, सुमारे दीड नावेच्या लांबीचे अंतर ठेवून सुटतात आणि मागच्या नावेने पुढच्या नावेला गाठून स्पर्श करायचा असतो. त्या स्पर्शाला ‘बंप’ म्हणतात. तो झाला की दुसऱ्या दिवशी दोघींच्या जागांची अदलाबदल होते. यातली ‘मे बंप्स’ नावाची शर्यत जूनमध्ये होते, याचे येथे कोणालाही नवल वाटत नाही.

ओळखीचे कोणी अवचित भेटले तर ‘बंप्ड इन्टू’, किंमत वाढवली तर ‘बंप्ड अप’, बॅटरी उतरलेली गाडी ढकलून सुरू केली तर ‘बंप स्टार्ट’, म्हणजे आपला धक्का स्टार्ट. हे सगळे निरुपद्रवी आहे. ‘बंप्ड ऑफ’ म्हणजे मात्र ठार मारले, तेव्हा तेथे जपून.

विमानतळावरचा ‘बंप’ मुंबईच्या वाऱ्या करणाऱ्या आपल्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली की काही प्रवाशांना मागे ठेवतात आणि बोलताना त्याला ‘बंप’ म्हणतात. कायद्यात त्याचे नाव ‘डिनाइड बोर्डिंग’ असे आहे आणि त्या नावामागे हक्क आहेत. आपल्या इच्छेविरुद्ध जागा नाकारली गेली, तर ब्रिटनमधून सुटणाऱ्या ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या उड्डाणासाठी ५२० पौंड भरपाई मिळते, आणि पर्यायी विमानाने मूळ वेळेनंतर चार तासांच्या आत पोहोचवले तर ती निम्मी होऊ शकते. त्याशिवाय वाट पाहण्याच्या काळातले जेवण, आणि रात्र काढावी लागल्यास हॉटेल, हेही विमान कंपनीकडेच असते. स्वतःहून मागे राहण्यास तयार झालात तर ही ठरलेली रक्कम लागू होत नाही आणि जे काही मिळायचे ते काउंटरवर बोलून ठरवावे लागते. म्हणून व्हाउचर हातात घेण्यापूर्वी आकडा विचारावा, आणि आपले हक्क सांगणारे लेखी पत्रक मागून घ्यावे, कारण ते देणे कंपनीवर बंधनकारक आहे.