कुणी केलं ते लिहा

नमस्कार मंडळी. मी एका गावातल्या दूध संस्थेत 19 वर्षं सचिव म्हणून काम करतोय, आणि आज तुमच्याशी बोलायचंय ते दुधावर नाही, फॅटवर नाही, तर नोटिशीवर. संस्थेच्या दारात जो फळा असतो ना, त्याच्यावर आम्ही जे लिहितो त्याबद्दल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडं दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून ज्यानं पशुखाद्य उचललंय त्याची कपात होते. तर एका बिलात 37 उत्पादकांची कपात जास्त झाली, पोत्यामागं 50 रुपये. मी लगेच फळ्यासाठी मजकूर लिहिला, नेहमीच्या सवयीनं. "सर्व उत्पादकांना कळविण्यात येते की, काही उत्पादकांच्या बिलातून पशुखाद्याची रक्कम चुकीने जादा कपात करण्यात आली असून सदर रक्कम पुढील बिलात समायोजित करण्यात येईल." आता हे वाक्य तुम्ही परत ऐका मनातल्या मनात. कळवतंय कोण? कपात कुणी केली? पैसे परत देणार कोण? कुणाचंच नाव नाही. सगळं आपोआप होतंय, पाऊस पडावा तसं.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी आहे, हुशार आहे, ती म्हणाली काका हे फार सरकारी वाटतंय, माझ्या फोनमधल्या एआयला सांगून सोपं करून घेऊ. मी म्हटलं घे. तिनं टाईप केलं, या मजकुरातली कर्मणी वाक्यं कर्तरी कर, साध्या मराठीत लिही. दोन सेकंदात उत्तर आलं, आणि काय सुरेख मराठी होती, छोटी छोटी वाक्यं, एकही 'करण्यात' नाही. फक्त दुसरं वाक्य असं होतं, "संस्थेच्या संगणक चालकाने चुकीने जास्त रक्कम कापली."

तिचा चेहरा मला अजून आठवतोय. कारण संगणक चालक म्हणजे तीच, गावात दुसरं कुणी नाही.

आता असं का झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा वेळ घेतो. कर्मणी वाक्यात कर्ता, म्हणजे काम करणारा, गाळला तरी चालतो, 'रक्कम कापण्यात आली' हे पूर्ण वाक्य आहे. पण कर्तरी करायचं म्हटलं की कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, तिथं कुणीतरी बसवावंच लागतं. माझ्या मजकुरात माणूस नव्हता, मग एआयनं बिल, कपात, चूक हे शब्द बघून जो शोभेल असा माणूस आणून बसवला. त्याला वाईट काही करायचं नव्हतं, त्याचं कामच ते, पुढं कुठला शब्द बसेल याचा अंदाज बांधायचा. कधी 'प्रशासनाने' घालतो, कधी 'आम्ही', कधी 'समितीने'. वाक्य वाचायला गुळगुळीत होतं आणि खरं-खोटं मात्र बदलून जातं. व्याकरण दुरुस्त करायला दिलेला कागद आरोपपत्र होऊन परत येतो, आणि घाई असली की आपण ते न वाचता फळ्यावर चिकटवतो पण.

म्हणून मी सूचना बदलली, आणि ती तुम्हाला सांगतो, ग्रामपंचायत, सोसायटी, बचत गट, शाळा, कुठं पण वापरा. मी असं लिहितो: "हा मजकूर साध्या मराठीत लिही. वाक्यात काम कुणी केलं ते दिलं नसेल तर स्वतःच्या मनानं घालू नको, तिथं कंसात 'कुणी?' असं लिही आणि मला विचार. काळ बदलू नको. तारीख, रक्कम, नाव बदलू नको."

काळ बदलू नको हे का सांगावं लागतं ते पण ऐका, यात आपल्या मराठीची गंमत आहे. इंग्रजीतलं ॲक्टिव्ह-पॅसिव्ह आणि आपलं कर्तरी-कर्मणी हे एकच आहे असं शाळेत डोक्यात बसतं, पण ते तसं नाहीये. 'मुलीने चिठ्ठी लिहिली' हे वाक्य बघा. करणारी मुलगी समोर आहे, वाक्य सरळ आहे, पण क्रियापद चिठ्ठीप्रमाणं चालतंय, पत्र असतं तर लिहिलं, निबंध असता तर लिहिला. म्हणून व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, क्रियापद करणाऱ्याप्रमाणं चाललं तर कर्तरी. एआयनं दिलेलं 'चालकाने रक्कम कापली' पण खरं तर कर्मणीच. आता याला कर्तरी कर म्हटलं की एआय 'मुलगी चिठ्ठी लिहिते' असं करतो, आणि झालेली गोष्ट चालू होऊन बसते! अभ्यासाच्या वहीत चालेल, नोटिशीत नाही चालणार. 'पैसे दिले' आणि 'पैसे देतो' यात किती अंतर आहे हे दूध घालणाऱ्या बाईला विचारा. (काही क्रियापदं वेगळी चालतात, ती चहा प्यायली, तो नाव विसरला, तिथं भूतकाळातही कर्तरीच राहतो, पण ती थोडी.)

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 सालचं, मोरो केशव दामल्यांचं 1911 चं, म्हणजे हे प्रयोग लोकांनी केव्हापासून तपासलेत बघा. आणि जे 'यांच्याकडून करण्यात आले', 'यांच्याद्वारे दिले गेले' आहे ना, त्याला आपल्या पुस्तकात नवीन कर्मणी म्हणतात, इंग्रजीच्या वळणानं आलेला. कर्मणी स्वतः मात्र परका नाही हो. आपण दिवसातून पन्नास वेळा 'पाहिजे' म्हणतो, 'म्हणजे' म्हणतो, हे दोन्ही जुन्या मराठीतले कर्मणीच, पाहिजे म्हणजे पाहिलं जातं, आणि 'म्हणजे'चं जुनं रूप 'म्हणिजे', त्याचा अर्थ म्हटलं जातं. ते इतके अंगात मुरलेत की आता कुणाला जाणवत पण नाही.

तर सगळंच बदलायचं नसतं, हे मला मनापासून सांगायचंय. माझी आई म्हणायची, आता मला जिना चढवत नाही रे. एआयला दिलं तर तो 'मी जिना चढू शकत नाही' असं करून देईल. अर्थ तोच म्हणाल, पण आईच्या वाक्यात गुडघे आहेत, इच्छा आहे पण शरीर साथ देत नाही हे सगळं त्या 'चढवत नाही' मध्ये आहे, व्याकरणात त्याला शक्य कर्मणी म्हणतात, आणि असं वाक्य कुणी सरळ करायला गेला तर मी त्याचा हात धरीन. तसंच 'रस्ता खचला', 'वीज गेली', तिथं करणारा कुणी नाही किंवा शोधायची गरज नाही, ते आहे तसं राहू दे.

पण जिथं माणूस आहे आणि तो शब्दामागं लपलाय, तिथं विचारलंच पाहिजे. आपल्या राज्यात 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात प्रत्येक कार्यालयानं फलक लावायचा असतो, कुठली सेवा किती दिवसात मिळणार, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, नाही मिळाली तर अपील कुणाकडं. म्हणजे कायदाच विचारतोय, कुणी? किती दिवसात? आणि त्याच कार्यालयातून आलेल्या पत्रात 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असतं, कोण करणार ते नाही आणि कधी ते पण नाही. अशी पत्रं आली की मी हल्ली एआयला देतो आणि सांगतो, यात कुठल्या कुठल्या कामाचा कर्ता लिहिलेला नाही तेवढी यादी दे. ती यादी घेऊन ऑफिसात जायचं आणि एकेक विचारायचं. माझ्या मते या यंत्राचा वाक्यं बदलण्यापेक्षा हा उपयोग मोठा आहे.

आता आमच्या नोटिशीकडं येतो. नवीन सूचना देऊन तोच मजकूर परत टाकला, तर कागदावर तीन ठिकाणी 'कुणी?' आलं. कळवतंय कुणी, कापले कुणी, परत देणार कुणी. मी बघत बसलो. कारण खाद्याचा दर त्या महिन्यात उतरला होता, आणि बिलासाठी दराचा कागद मी दिला होता, जुना. त्या पोरीनं कागदावर होतं ते भरलं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी माझ्या हातानं 'चुकीने कपात करण्यात आली' असं निघालं, मुद्दाम नाही, पण निघालं. त्या एका प्रयोगाच्या आड मी उभा होतो आणि एआयचं पहिलं उत्तर फळ्यावर लावलं असतं तर माझ्या जागी ती उभी झाली असती.

मग फळ्यावर असं लिहिलं. "1 ते 10 तारखेच्या बिलात पशुखाद्याची कपात जास्त झाली. खाद्याचा जुना दर मी दिला होता, चूक माझी आहे. जास्त गेलेले पैसे मी 11 ते 20 तारखेच्या बिलात जमा करतो. हिशोब जुळत नसेल तर सकाळचं संकलन झाल्यावर माझ्याकडं या. सचिव." यातलं 'कपात जास्त झाली' एआयला खटकलं होतं, त्याला तिथं पण कर्ता पाहिजे होता, मी म्हटलं राहू दे, पुढच्याच वाक्यात मी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन भरून झाल्यावर एक आक्का आल्या. त्यांना वाचता येत नाही, नातवाकडून वाचून घेतलं होतं. म्हणाल्या, सचिव, माझी दोन पोती हुती, म्हंजी शंभर रुपये न्हवं? मी वही काढली. दोन पोती, 100 रुपये. बरोबर होतं.